परदेशात रस्त्यावर हाणामारी दिसली, तर ‘मध्ये पडू नकोस’ एवढे पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबरच्या सत्रासाठी इंग्लंड, आयर्लंड, जर्मनीला निघालेल्या मुलांची खरेदी सध्या ठाण्यात गोखले रोडवर आणि वाशीच्या मॉलमध्ये जोरात चालू आहे. कुकर, गोडा मसाला, थर्मल, अडॅप्टर ही यादी पालकांना पाठ असते. अलीकडे त्या यादीत पेपर स्प्रेही शिरला आहे. तो आधी बॅगेतून काढा. ब्रिटनमध्ये पेपर स्प्रे नुसता जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या पाचव्या कलमाखाली तो बंदी घातलेल्या शस्त्रांत मोडतो. कॅनडात माणसावर वापरण्यासाठी बनवलेला स्प्रे प्रतिबंधित शस्त्र ठरतो. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांतही सामान्य माणसाला तो बाळगता येत नाही. रस्त्यावर मारामारी झाली आणि पोलिसांनी उभ्या असलेल्यांच्या बॅगा पाहिल्या, तर आईने काळजीपोटी दिलेल्या त्या डबीमुळे साक्षीदार मुलगी आरोपींच्या रांगेत जाऊ शकते.

परदेशी निघालेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना माहिती देण्याचे काम आम्ही ठाण्यात करतो. व्हिसा, परकीय चलन, घरभाडे यांवर पालकांचे प्रश्न संपत नाहीत. पण डोळ्यांदेखत कुणाला भोसकले, बसमध्ये कुणाला मारहाण झाली, तर काय करायचे, हे कुणी विचारत नाही. विषय निघालाच तर घरचा सल्ला ठरलेला : भानगडीत पडू नकोस, तिथून निघ. हा सल्ला अर्धा बरोबर आहे. हातघाईत उतरू नये, हे खरेच. पण फोनही करायचा नाही, जबाबही द्यायचा नाही, हा त्याचा दुसरा अर्धा भाग इथल्या पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या तारखांच्या धास्तीतून आलेला आहे, आणि तो सामानाबरोबर तिकडे नेण्यासारखा नाही. जर्मनीत अपघात किंवा संकटात सापडलेल्याला शक्य असूनही मदत न करणे हा दंडसंहितेच्या ३२३ क कलमाखाली गुन्हा असून एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. फ्रान्समध्ये हीच शिक्षा पाच वर्षे आणि ७५ हजार युरो दंडापर्यंत जाते. स्वतःला धोका पत्करून झेप घ्या, असे दोन्हीकडचा कायदा म्हणत नाही. फोन करणे ही मदतच धरली जाते. इंग्लंडमध्ये अशी सर्वसाधारण सक्ती नाही.

आता फोनविषयी, कारण घोळ इथेच होतो. अमेरिका आणि कॅनडात ९११. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ९९९ किंवा ११२. ऑस्ट्रेलियात ०००. न्यूझीलंडमध्ये १११. जर्मनीत पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका-अग्निशमनासाठी ११२, म्हणजे दोन वेगळे क्रमांक. फ्रान्समध्ये पोलिसांना १७, रुग्णवाहिकेला १५, आणि ११२ सगळ्यांसाठी. हे क्रमांक विमानात बसण्याआधी पाठ हवेत, कारण त्या क्षणी बोटे सवयीने १०० दाबतात. ब्रिटन आणि जर्मनीत सिम नसलेल्या मोबाइलवरून आपत्कालीन फोन लागत नाही. त्यामुळे तिकडचे सिम मिळेपर्यंत इथले सिम काढून पाकिटात ठेवू नये, आणि केवळ डेटा देणाऱ्या ई-सिमवर भिस्त ठेवू नये.

फोन लागला की आपली मुले गोष्ट सांगायला सुरुवात करतात. कोण कुणाला काय म्हणाले, मग तो कसा धावत आला वगैरे. समोरच्याला आधी ठिकाण हवे असते, कारण मध्येच फोन तुटला तरी ठिकाण कळले असेल तर गाडी निघू शकते. आपल्याकडे ‘तलावपाळीला, गडकरीच्या समोर’ एवढे सांगितले की रिक्षावालासुद्धा पोचवतो. तिकडे रस्त्याचे नाव, त्याला छेदणारा रस्ता, जवळच्या दाराचा क्रमांक, बसथांब्याचे नाव असे लागते. जर्मनीत एकाच नावाचा रस्ता शेजारच्या दोन गावांत असतो, म्हणून गाव किंवा पिनकोडही सांगावा. नवीन फोन अनेक देशांत आपले ठिकाण आपोआप कळवतात, पण इमारतीत किंवा भुयारी स्टेशनात त्यावर विसंबता येत नाही. ठिकाणानंतर काय चालले आहे, हत्यार दिसते का, किती जण जखमी, हल्लेखोर अजून तिथेच आहे की कुठल्या दिशेने गेला, या क्रमाने बोलावे. ब्रिटनमध्ये ऑपरेटर पहिल्यांदा कोणती सेवा हवी ते विचारतो. हल्ला चालू असेल तर आधी पोलीस मागावेत आणि जखमी आहे हे लगेच सांगावे. रुग्णवाहिकेला पुढे तेच कळवतात. ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नये.

बोलणे धोक्याचे असेल, म्हणजे हल्लेखोर ऐकण्याच्या अंतरावर असेल, तर ब्रिटनमध्ये मोबाइलवरून ९९९ लावून खोकावे किंवा पडद्यावर टकटक करावे आणि सूचना आली की ५५ दाबावे. काहीच न करता गप्प राहिलात तर फोन चुकून लागला असे समजून तोडला जाऊ शकतो. ५५ दाबल्याने पोलिसांना आपला ठावठिकाणा आपोआप मिळतो, असा गैरसमज मुलांमध्ये फार आहे. तसे होत नाही. अमेरिकेत बऱ्याच भागांत ९११ ला एसएमएस करता येतो, पण सगळीकडे नाही. आपल्या गावी चालतो का, हे पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवावे.

उभे कुठे राहायचे? दुकानात शिरा, बसमध्ये असाल तर चालकाजवळ जा, मागे दार असेल अशी जागा धरा. पळणाऱ्याचा पाठलाग करू नका. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी डब्लिनच्या पार्नेल स्क्वेअरमध्ये शाळेबाहेर मुलांवर चाकूहल्ला झाला, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या एका डिलिव्हरीवाल्याने हेल्मेटने हल्लेखोराला खाली पाडले. त्याचे कौतुक योग्यच आहे. पण तो नियम म्हणून मुलांपुढे ठेवता येणार नाही. अमेरिकेत तर दोघांच्या भांडणात सोडवायला गेलेला तिसराही पकडला जाऊ शकतो, आणि विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला अटक महागात पडते, मग आरोप टिको वा न टिको. २०२५ च्या वसंतात तिथे हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या स्थलांतर खात्याकडील नोंदी अचानक रद्द झाल्या. त्यांतल्या अनेकांचा पोलिसांशी आलेला संबंध अगदी किरकोळ होता. न्यायालयात दावे पडल्यावर नोंदी पूर्ववत करण्यात आल्या. धोका हातघाईत आहे. साक्ष देण्यात तो नाही. वैध व्हिसावर असलेल्याने खरा जबाब दिला म्हणून व्हिसा जात नाही.

हल्लेखोर निघून गेला आणि माणूस रक्तबंबाळ पडला आहे, अशा वेळी मदत पोचेपर्यंतची मिनिटे फार मोलाची असतात. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी, स्वच्छ कपडा जखमेवर ठेवून दोन्ही तळहातांनी अंगाचा भार देऊन दाबावे. रक्त थांबले का हे पाहायला कपडा उचलू नये. धरू लागलेली गुठळी त्याने सुटते. कपडा भिजला तर त्याच्यावर दुसरा ठेवावा. चाकू शरीरातच असेल तर ओढून काढू नये, कारण बऱ्याचदा तोच रक्त अडवून धरत असतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबावे. हातापायातून रक्ताची चिळकांडी उडत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला, पाचेक सेंटिमीटर अंतरावर आवळपट्टा (टूर्निके) बांधावा. गुडघ्यावर किंवा कोपरावर बांधू नये, आणि बांधल्याची वेळ लिहावी. बुटाची नाडी किंवा दोरी कामाची नाही, ती कातडीत रुतते पण आतली मोठी रक्तवाहिनी बंद करत नाही. रुंद पट्टी हवी. एकदा बांधला की डॉक्टरांशिवाय कुणी सोडायचा नाही. जखमीला पाणी पाजू नये. अंगावर जाकीट घालून ऊब द्यावी. फोन स्पीकरवर ठेवला तर पुढचे सगळे पलीकडून सांगितले जाते.

व्हिडिओबाबत मुले ऐकत नाहीत, म्हणून जरा लांबवून लिहितो. चित्रण पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण ते देश पाहून करावे. जर्मनीत असहाय पडलेल्या माणसाचे चित्रण करणे किंवा ते पुढे पाठवणे हा २०१ अ कलमाखाली गुन्हा ठरू शकतो, आणि खाजगी संभाषण चोरून ध्वनिमुद्रित करण्यालाही वेगळे कलम आहे. तिथे मोबाइल उंचावून उभे राहणाऱ्यांविषयी पोलीस आणि लोक दोघेही चिडलेले असतात. इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्त्यावर चित्रण करता येते. मात्र मूळ फाइल तशीच ठेवावी. व्हॉट्सॲपवरून पाठवली की ती दाबून लहान होते आणि आतली वेळ-ठिकाणाची माहिती जाते. पोलीस अपलोड करायला लिंक देतात, तिथे मूळ फाइल द्यावी. समाजमाध्यमावर टाकली तर ओळख परेडच धोक्यात येते, कारण इतर साक्षीदारांनी चेहरा आधी पडद्यावर पाहिलेला असतो आणि आरोपीचा वकील नेमके तेच विचारतो. शिवाय अटकेनंतर खटल्यावर परिणाम होईल असे काही प्रसिद्ध करणे न्यायालयाचा अवमान ठरू शकते. क्लिप कुठवर जाते याचे उदाहरण किरगिझस्तानची राजधानी बिश्केकचे आहे. मे २०२४ मध्ये तिथल्या स्थानिक आणि परदेशी तरुणांच्या हाणामारीचा व्हिडिओ पसरला आणि काही दिवसांनी जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या भारतीय मुलांना घरातच राहा, असे आपल्या दूतावासाला सांगावे लागले. त्याच वर्षी साउथपोर्टमध्ये तीन मुलींच्या हत्येनंतर हल्लेखोर बोटीतून आलेला निर्वासित आहे, अशी खोटी बातमी फिरली आणि इंग्लंडभर दंगली झाल्या. तो प्रत्यक्षात कार्डिफला जन्मलेला निघाला. तेव्हा ‘कोण असावा’ हा अंदाज आपण लिहू नये, आणि पालकांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये.

जबाबाआधी, इतरांशी चर्चा करण्याआधी, आठवते ते लिहून काढावे. चार जणांत बोलणे झाले की दुसऱ्याने पाहिलेले आपल्या आठवणीत मिसळते. वर्णन डोक्यापासून खाली करावे, आणि बूट विसरू नयेत. पळणारा जाकीट फेकतो, बूट सहसा बदलत नाही. इंग्लंडच्या न्यायालयांत १९७६ च्या टर्नबुल खटल्यापासून ओळख पटवणाऱ्या साक्षीला ठरावीक प्रश्न लागतात : किती वेळ पाहिले, किती अंतरावरून, उजेड कसा होता, मध्ये काही आडवे आले का, आधी कधी पाहिले होते का. अंतर मीटरमध्ये सांगता येत नसेल तर ‘दोन मोटारींइतके’ म्हणावे. माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणावे. आपली मुले तोंडी परीक्षेत असल्यासारखी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देऊ पाहतात आणि उलटतपासणीत नेमकी तिथेच अडकतात. जबाब पोलीस लिहितो आणि तो खरा असल्याच्या प्रतिज्ञेखाली आपली सही असते, म्हणून प्रत्येक पान वाचावे. पत्ता आणि फोन मागच्या बाजूला वेगळा लिहितात, तो बचाव पक्षाला देत नाहीत. नाव मात्र कळते. इंग्रजीत अडत असेल तर दुभाषा मागावा, पैसे पडत नाहीत. मित्राला दुभाषा करू नये. नाव द्यायची भीतीच वाटत असेल तर ब्रिटनमध्ये क्राइमस्टॉपर्स या संस्थेला ०८०० ५५५ १११ वर निनावी माहिती देता येते. जर्मनीत पोलिसांच्या साध्या बोलावण्यात आणि सरकारी वकिलाच्या आदेशावरून आलेल्या बोलावण्यात फरक आहे. दुसऱ्याला हजर राहणे बंधनकारक असते, म्हणून पत्र विद्यापीठाच्या विद्यार्थी कार्यालयात दाखवून घ्यावे.

आपला दूतावास तपासात पडत नाही आणि खटला लढवत नाही. तो वकिलांची यादी देतो, घरच्यांशी संपर्क साधतो. मुलगा ताब्यात घेतला गेला तर १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार त्याने मागणी करताच दूतावासाला कळवावे लागते. ही मागणी त्याने तोंडाने करायची असते. तक्रारीसाठी परराष्ट्र खात्याचे ‘मदद’ पोर्टल आहे.

पालकांची अडचण वेगळी. लंडनला रात्रीचे अकरा म्हणजे ठाण्यात उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार. मुलगी घाबरून घरी फोन करते, वडील इथून ११२ लावतात आणि तो महाराष्ट्र पोलिसांना लागतो. ९९९ किंवा ९११ इथून फिरवून तिकडे पोचत नाही. म्हणून फ्रिजवर एक कागद हवा : तिच्या शहरातील पोलिसांचा देशाच्या कोडसह पूर्ण क्रमांक, विद्यापीठाच्या सुरक्षा कक्षाचा क्रमांक, घरात राहणाऱ्या निदान दोघांचे क्रमांक, दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक, आणि तिचा पत्ता तिकडच्या पद्धतीने लिहिलेला. तिचा फोन आला तर ‘तू आधी त्यांना लाव, मग मला’ म्हणून ठेवून द्यावा. ‘रात्री बाहेर पडलीसच का’ हे त्या वेळी विचारू नये. पुढे काही आठवडे झोप लागत नाही, तोच आवाज कानात येतो. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांनी वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरलेला असतो. पोचल्या पोचल्या डॉक्टरकडे नाव नोंदवले असेल तरच तो अशा वेळी कामी येतो. इथे पालकांना स्वतःला बोलायचे असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही चालतो.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांनी निघण्यापूर्वीच्या बैठकीत अर्धा तास या विषयाला द्यावा. आणि आपण देशनिहाय आपत्कालीन क्रमांकांची चौकट दर वर्षी जुलैअखेर, आणि जानेवारीच्या सत्रासाठी डिसेंबरच्या सुरुवातीला छापावी, ही विनंती. कात्रण काढून ठेवता येईल इतकीच ती असावी.

आपले,
परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारे काही नागरिक,
नौपाडा, ठाणे (प.)