बाबा, तुमच्यासारखाच एक मास्तर

श्टुटगार्ट

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "सरळ माणूस राजकारणात टिकत नाही." फोनवर वाद घालायचा नव्हता, म्हणून लिहायला बसले. आमच्या राज्यात, जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, विन्फ्रिड क्रेचमन २०११ साली मुख्यमंत्री झाले आणि पुढच्या दोन निवडणुकाही त्यांनी जिंकल्या. या माणसाबद्दल तुम्हाला सांगायचं कधीपासून मनात होतं.

ते मूळचे शिक्षक. जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवायचे. त्यांचे वडीलही खेड्यातले मास्तर. घराणं पूर्व प्रशियातलं; युद्धाच्या अखेरीस होतं नव्हतं ते सोडून इकडे आलेलं. क्रेचमन यांचा जन्म १९४८चा. होहेनहाइम विद्यापीठात शिकत असताना ते माओवादी गटात गेले. त्यापायी सरकारी शाळेतली नोकरी मिळायचीच मारामार झाली होती. ही आपली राजकीय चूक होती, असं ते आजवर उघडपणे सांगत आले आहेत. विरोधकांनी उकरून काढायची वाट त्यांनी पाहिली नाही. आई, तुला आवडेल अशी एक गोष्ट: ते श्रद्धाळू कॅथलिक आहेत आणि गावच्या चर्चमध्ये इतरांबरोबर उभं राहून गातात.

पर्यावरणवादी आणि अणुऊर्जेच्या विरोधातला ग्रीन पक्ष या राज्यात उभा करणाऱ्यांत ते होते. १९८०च्या निवडणुकीत पक्षाला ५.३ टक्के मतं आणि सहा जागा मिळाल्या. त्या सहांत क्रेचमन होते. मग पुढे कधी आत, कधी बाहेर, आणि बाहेर असले की पुन्हा वर्गात. असं करता करता तीस वर्षं गेली. मार्च २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि दोनच आठवड्यांनी इथे मतदान होतं. ५८ वर्षं सत्तेत असलेला सीडीयू हा पुराणमतवादी पक्ष पायउतार झाला आणि जर्मनीला पहिला ग्रीन मुख्यमंत्री मिळाला. नशिबाची साथ होती, नाही कशाला म्हणू? पण नशीब दारात आलं तेव्हा तीस वर्षांचं काम तयार होतं.

खरी कसोटी लगेच आली. श्टुटगार्टचं रेल्वे स्टेशन जमिनीखाली न्यायच्या प्रकल्पाला त्यांचा कडवा विरोध. २०१०च्या सप्टेंबरात पोलिसांनी आंदोलकांवर पाण्याचा मारा केला होता, त्यात एका वृद्ध माणसाची दृष्टी जवळजवळ गेली. शहर पेटलेलं होतं. नव्या सरकारने नोव्हेंबर २०११ मध्ये सार्वमत घेतलं आणि ५८.९ टक्के लोकांनी राज्याने प्रकल्पातून बाहेर पडायला नकार दिला. मुख्यमंत्रीच हरले! त्यांनी निकाल मान्य केला आणि ज्याला विरोध केला होता ते काम पुढे चालू दिलं. पुष्कळ आंदोलकांना तो विश्वासघात वाटला, आजही वाटतो. साडेचार अब्ज युरोंचा प्रकल्प अकरा अब्जांच्या वर गेला. खोदकामाला वळसा घालून फलाटापर्यंतची ती लांबलचक पायपीट करताना मलाही वैताग येतो. तरी मला वाटतं त्यांनी बरोबर केलं. लोकांना विचारायचं आणि उत्तर आवडलं नाही की फिरवायचं, मग विचारलंच कशाला?

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. सुरुवातीला ते म्हणाले होते की रस्त्यावर गाड्या कमी असलेल्याच बऱ्या. पुढे मोटार कंपन्यांशी फारच जुळवून घेतलं. २०१४ साली बाल्कन देशांतल्या आश्रयार्थींसाठीचे नियम कडक करायला त्यांनी मत दिलं, तेव्हा त्यांचाच पक्ष भडकला होता.

पण त्याच सुमारास त्यांनी जे केलं, ते सांगताना माझा आवाज भरून येतो. इराकमध्ये आयसिसने यझिदी या अल्पसंख्य धर्माच्या लोकांवर कहर केला. बायका-मुलींना पळवून नेलं, विकलं. एखाद्या राज्याने परदेशातून माणसं आणून वसवावीत, अशी इथे पद्धत नाही. क्रेचमन यांनी ते करायचं ठरवलं. इथले डॉक्टर तिथल्या छावण्यांत गेले, एकेकीशी बोलले, आणि सुमारे एक हजार बायका-मुलांना विमानाने इथे आणलं. राहायला घर, मानसोपचार, मुलांना शाळा. नादिया मुराद त्यांतलीच एक. २०१८चं शांततेचं नोबेल मिळालं ती. बाबा, एवढ्या एका निर्णयासाठीसुद्धा मी या माणसाला मानते.

आपल्या महाराष्ट्राशीही या राज्याची भागीदारी आहे, २०१५ पासून. मुंबई आणि श्टुटगार्ट तर १९६८ पासून जुळी शहरं.

२०१४ साली त्यांच्या सरकारने ब्लॅक फॉरेस्टमध्ये दहा हजार हेक्टरांचं राष्ट्रीय उद्यान केलं. आसपासच्या गावांनी मतदान घेऊन 'नको' म्हटलं होतं. राज्याचं ऐकायचं आणि गावांचं नाही, हे कसं, यावर इथे मी लोकांशी तासन्‌तास भांडले आहे. मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही. पण तिथे पडलेलं झाड कोणी उचलत नाही. वादळात आडव्या झालेल्या खोडांवर बोटभर शेवाळ चढतं आणि त्यातूनच सुचिपर्णी वृक्षांची इवली रोपं वर येतात. बाबा, तुम्ही तिथे वाकून वाकून बघत बसाल आणि आई "चला आता" म्हणत उभी राहील.

जूनमध्ये आलात की पहिल्याच शनिवारी जाऊ. आईच्या गुडघ्याला झेपेल अशी सपाट वाट आहे. निमंत्रणपत्र आणि विम्याचे कागद वेगळे पाठवतेय. बाबांच्या बुटांचं माप तेवढं कळवा, चालायचे बूट इथूनच घेते.

तुमची,
मुक्ता