खाडीचा तळ मुंबईतच आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नॅनोकणांवरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवरचा, कालचा लेख वाचला. हे कण खाऱ्या पाण्यात आले की एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात, इथपर्यंत लेखकाचं बरोबर आहे. पण 'त्यामुळे मुंबईकरांनी काळजी करू नये' हे पुढचं वाक्य कशाच्या आधारावर छापलंत?

त्या तळावर आमची माणसं पोट भरतात. ट्रॉम्बेच्या खाडीत ओहोटीला बायका अजूनही चिखलात उतरून शिवल्या, कालवं, निवट्या काढतात. शिवल्या आणि कालवं पाणी गाळूनच जगतात. सुटा नॅनोकण त्यांच्या कल्ल्यांतून बहुधा निसटून जातो; गुठळी झाली की मात्र अडकतो आणि पोटात जातो. शिंपल्यांवरच्या प्रयोगांत हे दिसलेलं आहे. म्हणजे लेखात ज्या चिकटण्याचा दिलासा दिलाय, त्याच वाटेनं कण ताटापर्यंत येऊ शकतात.

शिवाय खाडीचं पाणी बारा महिने सारखं नसतं. पावसाळ्यात नाल्यांतून गोडं पाणी लोटतं. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातले सेंद्रिय पदार्थ कणांवर लेप चढवतात, मग ते चटकन चिकटत नाहीत आणि लांबवर वाहत जातात. बसलेला गाळही उधाणाला पुन्हा ढवळतो.

चांदीच्या नॅनोकणांबद्दल लेखकाचं म्हणणं मला बरंचसं मान्य आहे. खाडीच्या काळ्या, वास मारणाऱ्या गाळात गंधकाशी मिळून तिचं सल्फाइड होतं आणि विषारीपणा खूप कमी होतो. पण झिंक ऑक्साइड पाण्यात विरघळून जस्ताचे आयन (विद्युतभारित अणू) सोडतं, टायटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ विरघळतच नाही. तिघांना एकच नियम कसा लावता? आणि 'टायटॅनियम नैसर्गिक प्रमाणातच आढळतं' असं लेखात म्हटलंय, यात समाधान कसलं? आपल्या काळ्या कातळातच टायटॅनियम आहे, त्याचा गाळ दर पावसात खाडीत येतो. त्या गाळात सनस्क्रीनमधून आलेलं टायटॅनियम वेगळं ओळखणं फार अवघड असतं.

मला एवढा राग येण्याचं कारण सांगते. मागे आमच्याकडच्या नाल्यावर एका कंपनीची माणसं दुर्गंधी घालवणारी 'नॅनो पावडर' दाखवायला आली होती. पावडर टाकली, पाणी निवळलं, फोटो काढले. माझ्या जाऊबाईंनी विचारलं, "दादा, ही पावडर पुढे जाते कुठे?" तो म्हणाला, "मावशी, खाली बसते. तुम्ही नका काळजी करू." पावडर कशाची, त्यात कुठला धातू, किती टाकली, हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी लेखी माहिती मागितली तर "ऑफिसला या" म्हणाले. ऑफिसात गेले तर साहेब जागेवर नव्हते, आणि बाकी कुणाला काही ठाऊक नव्हतं. ओहोटीला तो नाला खाडीतच रिकामा होतो. दुसऱ्या दिवशी जाऊबाई त्याच्या तोंडाशीच शिवल्या काढायला गेल्या, कारण त्यांचं घर त्यावर चालतं. "खाली बसते" हेच उत्तर आता तुमच्या पेपरात छापून आलंय. पुढच्या वेळी ही माणसं आम्हाला कात्रण दाखवतील.

लेखकांनी एकदा ओहोटीला इथे यावं आणि खाडीतून परतणाऱ्या बायकांच्या पाट्यांत काय असतं ते बघून पुढचा लेख लिहावा. नाल्यात काहीही टाकण्याआधी त्यात काय आहे हे काठावरच्या लोकांना मराठीत लिहून द्यायला हवं, ही मागणी तरी तुम्ही छापाल अशी आशा आहे.

आणखी एक. भरती-ओहोटीच्या वेळा तुम्ही पेपरातून काढून टाकल्यात आणि त्या जागी फ्लॅटच्या जाहिराती येतात. आमच्या कोळीवाड्यात कित्येक घरांत पेपर त्या वेळांसाठीच घेतला जायचा. त्या पुन्हा सुरू करा.

– एक वाचक, ट्रॉम्बे कोळीवाडा, मुंबई