सीए-१२५ वाढलंय म्हणून घाबरलीस ना

प्रिय मनू,

तुझ्या रिपोर्टचा फोटो बघितला, सीए-१२५ समोर ९८, बाजूला ठळक एच (म्हणजे हाय) आणि खाली तुझा मेसेज, मला कॅन्सर आहे का गं. फोनवर दोघीही रडत बसू म्हणून लिहूनच पाठवतेय, रात्री परत भीती वाटली की काढून वाच.

हिला ट्युमर मार्कर म्हणतात म्हणून ही टेस्ट फक्त ट्युमरच पकडते असं नाहीये गं. सीए-१२५ हे एक प्रोटीन आहे, ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये ते वाढतं हे खरंच, पण गर्भाशयाचं अस्तर, पोटाच्या आतलं आवरण, अगदी फुफ्फुसावरचं आवरणसुद्धा ते बनवतं आणि तिथे कुठेही सूज आली, चिडचिड झाली की रक्तात त्याचं प्रमाण वर जातं. आता तुझ्या एंडोमेट्रिओसिसमध्ये दुसरं काय होतंय, गर्भाशयाच्या अस्तरासारखाच टिश्यू नको तिथे वाढतोय आणि आजूबाजूला सूज आणतोय. त्यात तुला चॉकलेट सिस्ट आहे, म्हणजे त्याच टिश्यूचं जुनं रक्त साठून ओव्हरीत झालेली गाठ. अशा बायकांमध्ये हा आकडा शंभराच्या वरही जातो आणि सिस्ट फुटली तर हजारावर गेल्याच्याही केसेस आहेत, कॅन्सर नसताना. आणि नॉर्मलची ३५ ची ती रेषा निरोगी लोकांच्या रक्तावरून आखलीय, तुझ्यामाझ्यासारख्यांच्या नाही.

रक्त कधी दिलंस? पाळी चालू असताना दिलं असशील तर आकडा तेवढ्यानेही चढतो, हे डॉक्टरांना नक्की सांग. फायब्रॉइड, अ‍ॅडेनोमायोसिस (अस्तराचा टिश्यू गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं), पोटातलं इन्फेक्शन, टीबी, सुरुवातीचे प्रेग्नन्सीचे महिने, या सगळ्यात वाढतो. उलट बाजूही सांगते, ओव्हरीचा कॅन्सर अगदी सुरुवातीला असतो तेव्हा साधारण निम्म्या बायकांमध्ये सीए-१२५ नॉर्मलच येतं, म्हणजे नॉर्मल आलं म्हणून सुटलो असंही नाही. मला तर वाटतं नुसता हा आकडा हातात देऊन बाईला घरी पाठवणं हाच अन्याय आहे.

खरं कळतं ते सोनोग्राफीत. माझ्या वेळी डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं होतं, सिस्टच्या आत सगळीकडे एकसारखा धुरकट राखाडी रंग, दुधी काचेसारखा, तो चॉकलेट सिस्टचा नेहमीचा चेहरा. त्यांना काळजी वाटते ती आत घट्ट भाग असला, भिंतीवर कोंब आले असले आणि त्यात रक्तपुरवठा दिसला, पोटात पाणी झालं किंवा पाळी कायमची गेल्यानंतर काही नवीन दिसलं तर. तसलं काही असेल तर एमआरआय सांगतील, कदाचित एचई४ ही दुसरी रक्ताची टेस्ट पण, कारण ते एंडोमेट्रिओसिसमध्ये सहसा वाढत नाही. सीए १९-९ हा आणखी एक मार्कर सांगितलाच तर तेही चॉकलेट सिस्टमध्ये वाढू शकतं, दचकू नकोस.

एंडोमेट्रिओसिसमुळे ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, हे तुझ्यापासून लपवणार नाही. पण आयुष्यभराचा हिशोब धरला तरी तो शंभरात दोन-अडीचच्या आसपासच राहतो.

टेस्ट परत करायला सांगितली तर पाळी संपल्यावर कर आणि त्याच लॅबमध्ये कर, वेगळ्या लॅबचं मशीन वेगळं असेल तर आकडे जुळत नाहीत, उगाच वाढलं की कमी झालं म्हणत बसशील. स्वतःहून दर महिन्याला मात्र करू नकोस प्लीज.

आता सोनोग्राफीचा लेखी रिपोर्ट पाठव आणि अपॉइंटमेंट कधीची मिळतेय ते सांग, मी येते सोबत.

तुझीच,
शमा