जुन्या स्पीकरच्या पेट्यांवर ऑइलपेंट फिरवण्यापूर्वी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आवराआवरीनिमित्त आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातील जुन्या सामानाला नवे रूप देण्यासंबंधी जो मजकूर प्रसिद्ध झाला, त्यात जुन्या म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरचे लाकडी खोके आतून रिकामे करावेत, त्यांना ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत आणि चपला किंवा कुंड्या ठेवण्यासाठी ते वापरावेत, अशी एक सूचना होती. सूचना सद्‌हेतूनेच केलेली असणार, याविषयी मला शंका नाही. मात्र असे खोके दुरुस्त करून त्यांचे मूळ पॉलिश पुन्हा उजळवण्याचा छंद गेली अठरा वर्षे जपणारा वाचक या नात्याने, वाचकांनी ब्रश हातात घेण्यापूर्वी दुसरी बाजूही त्यांच्यासमोर यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्या भागात या खोक्यांचे पुढे काय होते, ते मी पाहत आलो आहे. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत, जळगाव-धुळ्याच्या जुन्या पेठांतील घरांत सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत हौसेने घेतलेल्या फिलिप्स, कॉस्मिक, सोनोडाइन अशा कंपन्यांच्या जोड्या आजही माळ्यावर पडलेल्या असतात. घरातील वडीलधारे गेले की पुढच्या दिवाळीला त्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात. तो चुंबक आणि तांब्याची तार काढून घेतो, आणि उरलेले सागाच्या पापुद्र्याचे खोके थंडीत कुणाच्या तरी अंघोळीच्या बंबात जळतात. माझ्याकडची पहिली जोडी मी अशाच एका हातगाडीवरून वजनाच्या भावाने उतरवून घेतली होती.

हा खोका म्हणजे स्पीकरवर घातलेले झाकण, असा सर्वसाधारण समज आहे आणि सारी गफलत तेथूनच सुरू होते. अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ मध्ये ज्या पद्धतीचा स्पीकर पुढे आणला, त्याच पद्धतीचा, म्हणजे चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटवलेला कागदी शंकू असा, स्पीकर आजही बहुतेक घरांत आहे. हा शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खोका नसेल, तर खर्जाच्या स्वरांत या दोन्ही लाटा कडेने वळून एकमेकींना भेटतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. उघडा स्पीकर टेबलावर ठेवून तबला ऐका, डग्गा जवळजवळ नाहीसा झालेला असतो. पुढे १९५४ मध्ये एडगर व्हिलचर या अमेरिकन संशोधकांनी पूर्ण बंद खोक्यातील हवाच स्प्रिंगसारखी वापरून लहान पेटीतून खर्ज काढून दाखवला. म्हणून अशा पेटीची लांबी-रुंदी, फळीची जाडी, मागच्या पाटीखालची फोमची पट्टी, आत भरलेला कापूस किंवा काचलोकर हे सारे आवाजाचेच भाग होत. खोका रिकामा करून त्यात चपला ठेवणे हे तंबोऱ्याच्या भोपळ्यात ज्वारी भरून ठेवण्यासारखे आहे. भरता येते, पण भरू नये.

पेटी बंद जातीची असेल, तर ती घट्ट आहे की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. मोठ्या स्पीकरच्या शंकूवर चारही बोटे पसरून, मध्यभागाच्या टोपीला न दुखवता, तो अगदी हलकेच आत ढकलावा आणि सोडून द्यावा. तो आळसावल्यासारखा सावकाश बाहेर आला, तर पेटी घट्ट आहे. चटकन परतला, तर कोठेतरी हवा गळते आहे, आणि ते ठिकाण बहुधा मागच्या वायरच्या पाटीजवळ किंवा उकललेल्या कोपऱ्यात सापडते. स्पीकर जिवंत आहे की नाही, हे पाहायला दीड व्होल्टचा टॉर्चचा सेल पुरतो. त्याच्या तारा क्षणभर टेकवल्या की ‘टक्’ असा आवाज होतो आणि शंकू जागचा हलतो. मात्र ज्यांच्या कडेला फोमची चकती आहे, त्या स्पीकरची चकती पंधरा-वीस वर्षांत भाजलेल्या पापडासारखी चुरा होते. ते पाहून पुष्कळ लोक स्पीकर ‘गेला’ असे ठरवतात. चकती तेवढी बदलता येते. स्पीकर गेलेला नसतो.

आता पॉलिशकडे वळतो, कारण खरी नासाडी तेथेच होते. या पेट्यांवर दिसते ते अखंड सागवान क्वचितच असते. खाली प्लायवूड किंवा भुसा दाबून केलेला बोर्ड असतो आणि वर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा सागाचा किंवा शिसवीचा पापुद्रा, ज्याला आपले सुतार व्हेनियर म्हणतात. एवढ्या जाडीत चुकीला जागा किती, ते मी स्वतः अनुभवले आहे. छंदाच्या पहिल्या वर्षी घाई म्हणून भाड्याने घासणीचे मशीन आणले आणि एका पेटीच्या वरच्या कडेवर टेकवले. चहाचा घोट घ्यावा, तेवढ्या वेळात सागाच्या उभ्या रेघा विरळ झाल्या आणि खालून पांढुरका, आडव्या धाग्यांचा प्लाय वर आला. रुपयाच्या नाण्याएवढा तो डाग मी पुढे रंगाने मिळवून घेण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण दुपारच्या तिरप्या उन्हात तो आजही दिसतो. तेव्हापासून माझ्या खोलीत मशीन आलेले नाही. लाकडी ठोकळ्याभोवती गुंडाळलेला २२० नंबरचा आणि शेवटी ३२० नंबरचा पॉलिश पेपर, तोही रेषांच्या दिशेने, एवढ्यावर काम भागते.

खरे तर बहुतेक पेट्यांना घासण्याची गरजच नसते. आधी मूळ पॉलिश कोणते, ते ओळखावे. मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर टेकवून ठेवावा. पृष्ठभाग चिकट झाला आणि कापसावर तांबूस डाग उतरला, तर ते लाखेचे पॉलिश आहे. स्पिरिटला दाद न देता थिनरने मऊ पडला, तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही, तर मेलामाइनसारखा अलीकडचा कठीण लेप आहे. ज्यावर चहाच्या कपाचे पांढरे कडे उमटले आहे, अशी लाखेची पेटी तर खरवडूच नये. ते कडे वरच्या लेपात अडकलेल्या ओलाव्याचे असते, आणि स्पिरिटचा नुसता वास येईल इतका कोरडा बोळा त्यावरून चार-सहा वेळा झरझर फिरवला, तर बहुतेकदा निघून जाते.

लाख पॉलिशची थोरवी हीच आहे की नवा थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. पळस आणि बोर या झाडांवर वाढणाऱ्या कीटकाची ही लाख आपल्याला परकी नाही. रांचीला १९२४ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र संशोधन संस्था स्थापन झाली, आणि ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर आपल्या आजोबांनी नाट्यगीते ऐकली, त्या तबकड्यांतही लाखच होती. म्हणजे गाणेही लाखेतून आणि पेटीची झळाळीही लाखेतून, हा योग मला नेहमी गमतीचा वाटतो. चपडी, म्हणजे पातळ पापुद्र्यांच्या रूपातील, लाख काचेच्या बरणीत, लिटरभर स्पिरिटला साधारण सव्वाशे ग्रॅम या प्रमाणात, रात्रभर भिजत घालावी आणि मलमलीतून गाळून घ्यावी. लोखंडी डब्यात घातली, तर ती काळवंडते. मिश्रण फार दिवसांचे झाले, तर ते वाळता वाळत नाही, म्हणून लागेल तेवढेच करावे. एका जोडीला पाव किलो चपडी पुरून उरते.

लावण्याचे कौशल्य मात्र बरणीत भिजत घालता येत नाही. ते मला अमळनेरच्या एका वृद्ध पॉलिशवाल्यांनी शिकवले. त्यांना सारे आप्पा म्हणतात. सरकी काढलेला मूठभर कापूस जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून ते लिंबाएवढा बोळा करतात, तो मिश्रणात बुडवत नाहीत, तर त्याच्या पोटात मिश्रण ओततात आणि तळहातावर दाबून पाहतात. तळव्यावर ओल उमटावी, पण थेंब पडू नये. त्यावर जवसाच्या तेलाचे एक बोट. मग हात पेटीवर असा उतरतो की तो कोठे टेकला आणि कोठे उचलला, हे कळत नाही. टेकून थांबला, तर खालचा थर लगेच उखडतो. पहिल्या दिवशी मी दुसरा हात तासाभरात द्यायला निघालो, तेव्हा ते म्हणाले, “तुले काय घाई शे?” आणि बरणीचे झाकण लावून घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर आदल्या दिवशी सपाट वाटलेला थर लाकडाच्या छिद्रांत बसून खाली गेला होता. चांगल्या जोडीला असे दहा-बारा दिवस सहज लागतात. एवढ्या दिवसांची मजुरी द्यायला आज कुणी तयार नाही आणि पॉलिशवाल्यांची मुले स्प्रेगनकडे वळली आहेत, याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही.

ऋतूचेही भान हवे. श्रावणात केलेले लाख पॉलिश हवेतील दमटपणाने दुधाळ पडते. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात स्पिरिट इतक्या वेगाने उडते की बोळा जागीच ओढला जातो. दिवाळीपासून माघापर्यंतचे दिवस या कामाला सर्वांत चांगले आहेत, आणि म्हणूनच आपल्या पुरवणीतील सूचना नेमक्या याच दिवसांत आल्याचे मला अधिक वाईट वाटले. एक सावधगिरी या उद्योगातील प्रत्येकाने पाळावी. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना तापते आणि असा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्यावर, एकेक पसरून वाळवाव्यात.

खान्देशातील पेट्यांचा आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे कूलर. उन्हाळाभर कूलरशेजारी जमिनीवर ठेवलेल्या पेटीच्या तळाला पाणी लागते, भुशाचा बोर्ड भिजलेल्या बिस्किटासारखा फुगतो आणि तो पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. फुगलेला भाग कापून तेथे प्लायची पट्टी बसवणे हाच उपाय, म्हणून पेटी आधीच चार बोटे उंच ठेवावी. व्हेनियर नुसते सुटून फुगा आला असेल, तर तो ब्लेडने रेषेच्या दिशेने चिरावा, आत पातळ फेव्हिकॉल सारावे, वर कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी आणि रात्रभर पाटा ठेवावा. मी तरी आमच्या घरचा पाटा ठेवतो. वरवंटा घरात मागितला जातो, पाटा हल्ली कुणी मागत नाही. पुढच्या जाळीचे कापड फाटले असल्यास पडद्याचे जाड कापड लावू नये. तोंडाजवळ धरून फुंकर पलीकडे सहज गेली पाहिजे, नाहीतर झांजेची धार कापडातच अडकते.

माझ्या पेट्या नव्यासारख्या दिसत नाहीत. एकीच्या कोपऱ्याला जुना ठोका आहे, दुसरीवर कुणाच्या तरी मुलाने खिळ्याने कोरलेले अक्षर आहे, आणि ते मी मुद्दाम राहू दिले आहे. ऑइलपेंटबद्दलचा माझा आक्षेप सौंदर्याचा नाही, हे स्पष्ट करतो. लाखेवर लाख केव्हाही चढते आणि उतरते. ऑइलपेंट एकदा सागाच्या छिद्रांत मुरला की तो काढताना पापुद्राही जातो, आणि पुढच्या पिढीत कुणाला ती पेटी दुरुस्त करावीशी वाटली, तरी तिच्या हाती काही उरत नाही.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. पुरवणीच्या पुढील अंकात त्या सूचनेखाली, रंग देण्यापूर्वी स्पिरिटची चाचणी करून पाहावी, अशी एक ओळ तरी द्यावी. दुसरे असे की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत हाताने लाख पॉलिश करणारे जे थोडे कारागीर अद्याप काम करत आहेत, त्यांची माहिती आपल्या तालुका वार्ताहरांकडून मागवून, त्यांची हरकत नसल्यास ती छापावी. मी आप्पांना विचारले आहे. त्यांची हरकत नाही, फक्त एका वेळी एकाच जोडीचे काम घेईन, असे त्यांनी कळवायला सांगितले आहे.

आपला नियमित वाचक,
अमळनेर, जि. जळगाव