दहा किलोमीटर खरोखर दहा भरावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उद्यानांमध्ये भरणाऱ्या दहा किलोमीटरच्या शर्यतींच्या बातम्या आपण नेमाने छापता आणि आमच्यासारखे हौशी धावणारे पहिल्या पानाच्याही आधी त्या वाचतात. विजेत्यांची नावे, त्यांच्या वेळा, सहभागींची संख्या, पाहुण्यांच्या हस्ते झालेले पदकवाटप असे सगळे त्या बातमीत असते. मात्र मार्ग कोणी मोजला आणि कशाने मोजला, हे एकाही बातमीत माझ्या वाचनात आलेले नाही. आयोजकांच्या माहितीपत्रकातही ते क्वचितच सापडते. अशा शर्यतींत मी बरीच वर्षे धावत आलो आहे. सुरुवातीची रेटारेटी, अपुरी स्वच्छतागृहे, कर्णकर्कश संगीत यांविषयी तक्रार करण्यासारखे पुष्कळ असले, तरी त्यांतले बरेचसे सोसता येते. अंतरच चुकलेले असेल तर मात्र त्या सकाळी नेमके काय केले, हेच कळेनासे होते, म्हणून हे पत्र फक्त अंतराविषयी आहे.

ज्यांनी अशी शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी अंतिम रेषेच्या पलीकडचे एक नेहमीचे चित्र सांगतो. रेषा ओलांडलेला प्रत्येक जण आधी मान खाली घालून मनगटावरचे घड्याळ बंद करतो आणि मग शेजारच्याला विचारतो, ‘‘तुझे किती भरले?’’ कोणी नऊ पॉइंट सदुसष्ट सांगतो, कोणी नऊ पॉइंट सत्तर. एखादा तरुण घड्याळ बंद न करता तसाच पुढे जातो आणि पदकांच्या टेबलामागच्या मोकळ्या जागेत, लोकांना चुकवत, पडद्यावर दहाचा आकडा येईपर्यंत येरझाऱ्या घालत राहतो. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून निवेदक सगळ्यांचे दहा किलोमीटर पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन करत असतो. आम्ही हसतो, छायाचित्रे काढतो आणि घरी जातो. संध्याकाळी निकाल येतो तेव्हा निम्म्या लोकांनी आपली आजवरची सर्वोत्तम वेळ नोंदवलेली असते.

अंतर तीनशे मीटर कमी पडले, तर त्याचा अर्थ काय होतो ते पाहू. किलोमीटरला सहा मिनिटे या गतीने धावणाऱ्याला दहा किलोमीटरसाठी बरोबर एक तास लागतो. तीनशे मीटर गाळले की त्याच गतीत तो ५८ मिनिटे १२ सेकंदांत पोहोचतो. एक तासाच्या आत येणे हे हौशी धावपटूंतल्या अनेकांचे वर्षानुवर्षांचे उद्दिष्ट असते. ते अशा रीतीने पदरात पडले की पुढच्या, नीट मोजलेल्या शर्यतीत हाच माणूस एक तासाच्या वर जातो आणि आपले काय बिघडले म्हणून सरावात उगाच फेरफार करत बसतो. शिवाय दहा किलोमीटरच्या वेळेवरून पुढचे अंदाज बांधले जातात. पीटर रीगेल या अमेरिकी अभियंत्याने मांडलेले सूत्र त्यासाठी सर्रास वापरले जाते. त्या सूत्राने पाहिले तर एक तासवाल्याची अर्धमॅरेथॉन सुमारे २ तास १२ मिनिटांची निघते आणि ५८ मिनिटे १२ सेकंदवाल्याची सुमारे २ तास ८ मिनिटांची. तोकड्या मार्गाने भेट दिलेली ही चार मिनिटे खरी मानून जो पहिल्या किलोमीटरपासून त्या गतीने सुटतो, त्याची शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये काय अवस्था होते, हे धावणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. (हे रीगेल स्वतः मार्गमोजणीच्या कामात अनेक वर्षे होते, हे येथे सांगण्याजोगे आहे.)

आता ‘घड्याळे चुकतात’ हा आयोजकांचा ठरलेला खुलासा. तो निम्मा खरा आहे. उपग्रहावर चालणारे घड्याळ आपली जागा काही मीटरच्या फरकाने ओळखते, दाट झाडांखाली तो फरक वाढतो आणि नागमोडी पायवाटेवरची वळणे ते कधी छाटते तर कधी फुगवते. एकट्याच्या घड्याळावरून मार्ग खोटा ठरवणे चूकच आहे. पण येथे एक साधे गणित उपयोगी पडते. नियमानुसार मार्ग मोजला जातो तो धावणाऱ्याला उपलब्ध असलेल्या सर्वांत जवळच्या रेषेवरून, म्हणजे वळणावर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतरावरून. त्या रेषेच्या बाहेर एक मीटर राहून पूर्ण फेरी मारली की ६.२८ मीटर जास्त धावणे होते, मग उद्यान लहान असो वा मोठे. दोन मीटर बाहेरून चार फेऱ्या मारणाऱ्याचे सुमारे ५० मीटर वाढतात. गर्दीत आतली कड कोणालाच सतत मिळत नसल्यामुळे बरोबर मोजलेल्या मार्गावर बहुतेकांचे अंतर दहा किलोमीटरच्या थोडे वरच भरायला हवे. तेथे शेकडो घड्याळे एकमुखाने पावणेदहाच्या आत थांबत असतील, तर दोष घड्याळांना देता येत नाही.

मार्ग तोकडा होतो तो बहुधा कोणाच्या लबाडीमुळे नव्हे. फोनमधल्या नकाशावर बोटाने रेघ ओढून अंतर काढले जाते किंवा कोणीतरी आदल्या संध्याकाळी घड्याळ लावून एक फेरी मारतो आणि तिला चाराने गुणतो. उद्यानातील शर्यतीत हा गुणाकारच घात करतो, कारण एका फेरीतली चूक प्रत्येक फेरीत पुन्हा येते. त्यातून मार्गात ‘जाऊन परत या’ असा पट्टा असेल तर दुप्पट. मागे एका शर्यतीत वळणाच्या जागी पाणी साचले होते, म्हणून तेथल्या स्वयंसेवकाने प्लास्टिकचा शंकू उचलून कोरड्या जागी, पंधरा-वीस पावले अलीकडे आणून ठेवला. त्याचा हेतू चांगलाच होता. कोणी घसरून पडू नये, एवढेच त्याच्या मनात होते. पण शंकू दहा मीटर अलीकडे आला की त्या पट्ट्यातले वीस मीटर जातात आणि चार फेऱ्यांत ऐंशी. शंकूची जागा जमिनीवर रंगाने किंवा खिळ्याने खुणावलेली असती आणि तो हलवायचा नाही असे त्याला बजावलेले असते, तर त्याने पाण्याच्या कडेने वाट करून दिली असती आणि अंतर शाबूत राहिले असते.

खरे तर योग्य पद्धत जुनी आहे, तिला फारसा खर्च येत नाही आणि ती जगभर मान्य आहे. ब्रिटनमधील जॉन ज्युएल यांनी १९६१ मध्ये सायकलने रस्ता मोजण्याची रीत सविस्तर मांडली आणि सत्तरीच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत अ‍ॅलन जोन्स यांनी सायकलच्या पुढच्या चाकाला बसवायचा एक छोटा गणक तयार केला, जो आजही ‘जोन्स काउंटर’ या नावाने ओळखला जातो. चाकाच्या एका फेरीत त्यावरचे वीसएक आकडे पुढे सरकत असल्यामुळे सुमारे दहा सेंटिमीटरपर्यंतचा फरक त्यात दिसतो. आधी पोलादी फितीने किमान तीनशे मीटरचा सरळ पट्टा आखायचा, त्यावरून सायकल चार वेळा चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढायचे, मग आतली कड धरून मार्ग मोजायचा आणि पुन्हा त्याच पट्ट्यावर चार वेळा सायकल चालवायची, कारण ऊन चढले की टायरमधली हवा प्रसरण पावते आणि आकडे बदलतात. एवढे करूनही किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरायचा, म्हणजे दहा किलोमीटरला दहा मीटर; हेतू हा, की मार्ग चुकला तरी कमी भरू नये. एक जाणकार, एक मदतनीस आणि रहदारी नसलेली एक सकाळ एवढ्यावर हे काम होते. जागतिक पातळीवरील मोजणीचे प्रमाणपत्र पाच वर्षे चालते आणि एकाच उद्यानात वर्षभरात वेगवेगळ्या संस्था शर्यती भरवतात. त्यांनी मिळून एकदा मार्ग मोजून घेतला, आरंभ, वळण आणि अंत यांच्या जागा अमुक क्रमांकाच्या दिव्याच्या खांबापासून इतके मीटर अशा नोंदवून ठेवल्या, तर पुढच्या प्रत्येक शर्यतीला फक्त तो कागद पाहून शंकू मांडायचे उरते.

मोठ्या स्पर्धाही यात चुकतात, पण चूक झाली की तेथे हिशेब होतो. मँचेस्टर मॅरेथॉनचा २०१३ ते २०१५ या तीन वर्षांतला मार्ग ३८० मीटर कमी होता, हे फेरमोजणीत उघड झाले आणि हजारो धावपटूंच्या वेळा अधिकृत नोंदीसाठी बाद ठरल्या. ब्रायटनला २०२१ मध्ये उलटे झाले: शंकू चुकीच्या जागी लागला आणि मॅरेथॉन ५६८ मीटरने लांबली. दहा किलोमीटरचेच उदाहरण हवे असेल तर रुमानियातील ब्राशोव्ह येथे सप्टेंबर २०२३ मध्ये केनियाच्या अ‍ॅग्नेस एनगेटिच यांनी केवळ महिलांच्या शर्यतीत २९ मिनिटे २४ सेकंदांची विक्रमी वेळ दिली, पण मार्ग २५ मीटर कमी भरल्याने विक्रम मान्य झाला नाही. (चारच महिन्यांनी व्हॅलेन्सियात त्यांनी २८ मिनिटे ४६ सेकंदांत दहा किलोमीटर पार केले आणि तो विक्रम ठरला.) जगातल्या सर्वोत्तम धावपटूच्या बाबतीत २५ मीटरचा जाब विचारला जातो आणि आमच्या बाबतीत तीनशे मीटर गेले तरी ‘‘मजेसाठीच तर धावता ना?’’ असे ऐकवले जाते.

या प्रश्नाचे उत्तर मला द्यावेसे वाटते, कारण तो चांगल्या माणसांकडूनही विचारला जातो. मार्ग दहा किलोमीटरचा असो वा साडेनऊचा, पहिला आलेला पहिलाच राहतो; त्याचा करंडक अंतरावर अवलंबून नसतो. तीनशेसत्तराव्या क्रमांकावर येणाऱ्याला त्या क्रमांकाशी काहीच कर्तव्य नसते. त्याची लढत गेल्या वर्षीच्या स्वतःशी असते आणि त्या लढतीतला एकमेव पंच म्हणजे अंतर आणि वेळ यांचा हिशेब. धावणाऱ्याच्या अंगावर लावलेल्या इलेक्ट्रॉनिक चिपमुळे वेळ आता सेकंदापर्यंत अचूक मिळू लागली आहे. आरंभरेषेवरची, चिपची नोंद घेणारी चटई आपण ओलांडली तेव्हापासून मोजलेली वेळ, सुरुवातीच्या बंदुकीपासून मोजलेली वेळ, वयोगटातला क्रमांक असे सगळे निकालपत्रकात येते. भाजकाची एवढी काळजी घ्यायची आणि भाज्य मात्र अंदाजाने लिहायचे, असला भागाकार शाळेतही चालत नाही.

उद्यानातील शर्यतींचे वैशिष्ट्य असे, की प्रामाणिक मोजणीसाठी त्या रस्त्यावरच्या शर्यतींपेक्षा सोयीच्या आहेत. रस्त्यावरील विक्रमांसाठी आरंभ आणि अंत फार दूर नसावेत आणि एकूण उतार किलोमीटरमागे एका मीटरहून जास्त नसावा, अशा अटी आहेत. फेऱ्यांच्या मार्गावर त्या आपोआप पाळल्या जातात. पायवाटा वर्षानुवर्षे त्याच राहतात. रहदारी वळवण्याचा, दुभाजक बदलण्याचा प्रश्न येत नाही. फेऱ्यांचा गोंधळ तेवढा होतो. तिसरी झाली की चौथी, असा वाद अंतिम रेषेवर दरवेळी कोणी ना कोणी घालतोच आणि पुढच्यांकडून एक फेरी मागे पडलेले लोक गर्दी पाहून त्यांच्याबरोबरच आत वळतात. मार्गाच्या दूरच्या टोकाला चिपची दुसरी चटई अंथरली, तर हा वाद मिटतो आणि गवतावरून कोपरा छाटणारेही वठणीवर येतात.

आयोजकांना माझी विनंती एवढीच आहे, की मार्ग कोणत्या पद्धतीने, कोणी आणि कधी मोजला हे नोंदणीच्या पानावरच लिहावे. मोजला नसेल तर ‘अंदाजे दहा किलोमीटर’ असे स्वच्छ शब्दांत छापावे; आम्ही तरीही येऊ, फक्त त्या वेळेची तुलना कशाशी करणार नाही. शर्यतीनंतर चूक लक्षात आली तर निकालावर तशी टीप द्यावी.

दुसरी विनंती आपल्याला आहे. आपला वार्ताहर शर्यतीनंतर आयोजकांना सहभागींची संख्या विचारतोच; त्याच वेळी त्याने मोजणीचे प्रमाणपत्र आहे का, हेही विचारावे आणि मिळालेले उत्तर, ते ‘नाही’ असले तरी, निकालाच्या चौकटीत वेळांच्या खाली एका ओळीत छापावे.

आपला,
एक हौशी धावपटू