स्कॅनर आला तरी मिस्त्री पाहिजेच

मा. संपादक, स.न.वि.वि.

जुन्या गाड्या पुन्हा चालत्या करायच्या कामात कॉम्प्युटर काय करून राहिला ते यंदा घरीच पाह्यलं म्हणून लिहितोय. बाबांची १९६९ ची जावा मोटरसायकल, म्हैसूरच्या कारखान्यातली, कित्येक वर्षं मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. जावात किक आणि गिअर एकाच लिव्हरवर असतात आणि ती लिव्हर इंजिनच्या डावीकडच्या ज्या कव्हरातून बाहेर येते तेच तडकलेलं, ऑइल गळायचं. डुप्लिकेट कव्हर आणलं तर स्क्रूची भोकं जुळेनात. कारखाना १९९६ लाच बंद पडला, ड्रॉइंग मागायचं कोणाला?

भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यानं कव्हरचं थ्रीडी स्कॅन केलं, म्हणजे सगळा आकार कॉम्प्युटरवर उतरवला, आणि प्लास्टिकचं मॉडेल प्रिंट केलं, की मग हिंगणा एमआयडीसीत ते वाळूत दाबून साचा काढायचा आणि ॲल्युमिनियम ओतायचं. ओतलेलं ॲल्युमिनियम थंड होताना एक टक्क्याहून थोडं जास्त आकसतं, म्हणून मॉडेल तेवढं मोठं ठेवावं लागतं. आधी पॅटर्नवाले, म्हणजे साच्यासाठी मॉडेल बनवणारे, त्यासाठी तेवढ्याच वाढीव खुणांची वेगळी पट्टीच वापरायचे, आता कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम.

पण आमच्या मिस्त्रीकाकांनी त्या मॉडेलात लिव्हरचा नवा शाफ्ट, म्हणजे दांडा, घालून हलवला, आडवा घट्ट पण खालीवर खुळखुळ, आणि म्हणाले, "बाबू, हे भोक गोल नाही ना, इतकी वर्षं घासून लांबट झालं, तू तसंच्या तसं छापलं." स्कॅनरनं झीजपण उतरवून घेतली होती! मग काकांनी जुन्या कव्हरात जिथं शाफ्ट घासत नाही ती कड कॅलिपरनं मोजून भोकाचं मूळ माप काढलं, दोघं रात्री अकरापर्यंत स्क्रीनपुढं बसले, शेवटी ओतताना भोक लहान ठेवून नंतर लेथवर त्या मापाला बोअर करायचं, म्हणजे कोरून मोठं करायचं ठरलं. कव्हर चपखल बसलं, ऑइलचा एक थेंब नाही.

पोर्शे या जर्मन कार कंपनीनं २०१८ मध्ये सांगितलं की ९५९ या गाडीचा क्लचचा लिव्हर ते धातूची पावडर लेझरनं वितळवून बनवतात, गाड्या बनल्या होत्या फक्त २९२. तिथं कंपनीच मागं उभी आहे, आपल्याकडे कोण आहे? एका कॉलेजात विचारायला गेलो तर स्कॅनर कपाटात, बाहेरच्यांना देत नाही म्हणाले. फार वाईट वाटलं.

केंद्रानं २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम आणला, गाडी मूळ रूपात पाहिजे म्हणतात, ते बरोबरच आहे, म्हणून नवा पार्ट कोणता ते कळावं यासाठी त्यावर आतून बनवल्याचं साल कोरावं असं मला वाटतं, आम्ही कोरलं. आणि नागपुरातल्या आयटीआय, इंजिनिअरिंग कॉलेजांनी आठवड्यातून एक दिवस, फी घेऊन का होईना, गॅरेजवाल्यांना स्कॅनर वापरू द्यावा, पोरांनाही सोबत बसवावं. आमचे काका ७१ वर्षांचे आहेत, त्यांना गाडीवर बसवून आणायचं काम माझ्याकडे.

आपला,
एक वाचक, महाल, नागपूर