उणे ५१७ चा अर्थ सांगणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

लिनक्स कर्नलच्या (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या) पॅचखाली, म्हणजे कोडमधील बदलाखाली, 'रिव्ह्यूड-बाय' (कोणी तपासले) अशी एक ओळ असते. माझ्या कामाखालच्या त्या ओळीत आपले नाव अनेकदा आले आहे, परंतु आपण मला जे शिकवले ते त्या ओळीत मावणारे नाही. ड्रायव्हरचे (कर्नलमध्ये एखादे उपकरण हाताळणाऱ्या कोडचे) काम नव्याने करू लागलेल्या ज्या मुलामुलींपुढे स्टॅटिक ॲनालिसिसच्या (कोड न चालवता केलेल्या तपासणीच्या) वॉर्निंगची लांबलचक यादी पहिल्यांदाच येईल, त्यांनाही ते वाचता यावे म्हणून हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे.

पुण्याच्या कार्यालयात रुजू होऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. दूध संकलन केंद्रांवरील बल्क कूलरचे तापमान नोंदवणारे बोर्ड आपण तेव्हा पाहत होतात. त्यातील तापमान मोजणाऱ्या चिपच्या ड्रायव्हरवर स्मॅच चालवून निघालेल्या वॉर्निंग 'साफ करण्याचे' काम माझ्याकडे आले. डॅन कार्पेंटर यांचे हे साधन कोड चालवत नाही. ते कोड वाचते, आणि फंक्शनमधून बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेवर कोणत्या व्हेरिएबलची किंमत काय असू शकेल याचा माग काढते. मी मात्र ती यादी म्हणजे झाडून काढायचा कचरा आहे असे समजून बसले होते, आणि दोन दिवसांत ती रिकामी करून पॅच आपल्याकडे पाठवला.

त्यातील एक वॉर्निंग सांगत होती की इंटरप्टचा (उपकरण प्रोसेसरला देते त्या इशाऱ्याचा) क्रमांक ठेवणारे आयआरक्यू हे व्हेरिएबल अनसाइन्ड (ऋण अंक न ठेवणारे) आहे, त्यामुळे ते शून्याहून लहान कधीच असणार नाही. खालच्या ओळीत नेमके तेच तपासलेले होते: इंटरप्टचा क्रमांक शून्याहून लहान आला, तर चूक झाली असे समजून परत फिरावे. जी अट कधीच खरी ठरणार नाही ती ठेवायची कशाला, असा विचार करून मी ती काढून टाकली. वॉर्निंग गेली, आणि काम झाले असे मला मनापासून वाटले.

आपण पॅच परत पाठवला नाहीत. मला आपल्या टेबलाशी बोलावून घेतलेत आणि विचारलेत, "ही अट लिहिणाऱ्याने ती का लिहिली असेल?" मला उत्तर देता आले नाही. मग आपण 'प्लॅटफॉर्म-गेट-आयआरक्यू' हे फंक्शन उघडून दाखवलेत. इंटरप्ट मिळाला तर ते त्याचा क्रमांक देते आणि मिळाला नाही तर चूक दर्शवणारा ऋण अंक देते. त्या ऋण अंकांपैकी एक उणे ५१७, म्हणजे 'ई-प्रोब-डिफर'. ज्याच्याकडून इंटरप्ट यायचा तो कंट्रोलर अजून तयार नाही, तेव्हा मला थोड्या वेळाने पुन्हा हाक मार, असे ड्रायव्हरने कर्नलला सांगण्याची ती खूण आहे. आपण एका प्रिंटआउटच्या पाठीमागे पेन्सिलीने मांडलेत: ४२९४९६७२९६ वजा ५१७, बरोबर ४२९४९६६७७९. बत्तीस बिटांच्या अनसाइन्ड व्हेरिएबलमध्ये उणे ५१७ ठेवले की तेथे हा आकडा बसतो. तो शून्याहून मोठा असल्यामुळे तपासणीतून सुटतो आणि ड्रायव्हर त्या क्रमांकाचा इंटरप्ट मागायला जातो. असा इंटरप्ट नसतोच, म्हणून तेथून उणे २२ परत येते. कर्नलच्या दृष्टीने उणे २२ म्हणजे मागणीच चुकीची. अशा डिव्हाइसला तो पुन्हा हाक मारत नाही.

आणि मग आपण आवाज न चढवता विचारलेत, "केंद्रांवरून कसली तक्रार येते आहे?" ती तक्रार मला पाठ होती. भारनियमनानंतर वीज आली की कधीकधी टाकीचे तापमान दिसतच नाही. केंद्रचालक बोर्ड बंद करून पुन्हा चालू करतात, मग दिसते. या चिपचा इंटरप्ट एका जीपीआयओ एक्सपांडरमधून (बोर्डाला जास्तीच्या पिन देणाऱ्या चिपमधून) येत होता, आणि एक्सपांडरचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून कधी आधी, तर कधी नंतर लोड होत असे. नंतर झाला की उणे ५१७, त्याचे उणे २२, आणि तापमान गायब. आम्ही कित्येक दिवस केबल आणि कनेक्टर बदलत होतो. उत्तर त्या वॉर्निंगमध्ये लिहिलेले होते, आणि अट काढून टाकून मी ते पुसायला निघाले होते. योग्य दुरुस्ती एका शब्दाची होती: व्हेरिएबलच्या घोषणेतला 'अनसाइन्ड' काढायचा, आणि फंक्शनने दिलेला ऋण अंक जसाच्या तसा वर पाठवायचा.

त्या दिवशी आपण मला वेळ दिलात याबद्दल मी आपली अतिशय ऋणी आहे. दुरुस्ती आपण स्वतः पाच मिनिटांत केली असती. माझ्यासोबत बसून आपण अख्खी दुपार खर्च केलीत.

चहाच्या वेळी आपण २००९ मधील टन या आभासी नेटवर्क ड्रायव्हरची हकिकत सांगितलीत, ती मी तेव्हापासून कितीतरी जणांना सांगितली आहे. २.६.३० या कर्नलमध्ये त्या ड्रायव्हरच्या पोल फंक्शनमध्ये 'टन' या पॉइंटरमधून (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमधून) आधी सॉकेट वाचला जात होता, आणि तो पॉइंटर नल, म्हणजे रिकामा, आहे का हे त्यानंतर तपासले जात होते. कंपायलरने असा निष्कर्ष काढला की ज्या अर्थी पॉइंटर आधीच वापरला आहे त्या अर्थी तो नल असू शकत नाही, आणि त्याने ती तपासणीच गाळून टाकली. वाचणाऱ्याला कोडमध्ये तपासणी दिसत होती, पण चालणाऱ्या कर्नलमध्ये ती नव्हती, आणि त्या फटीतून कर्नलचा ताबा घेता येतो हे करून दाखवले गेले. त्यानंतर अशा तपासण्या गाळू नयेत असे कंपायलरला बजावणारा पर्याय कर्नलच्या बांधणीत आला. 'तपासण्यापूर्वी वापरले' ही स्मॅचची वॉर्निंग आजही कुठे दिसली की मी प्रथम त्या दोन ओळींचा क्रम पाहते.

वॉर्निंगला कधी हात लावू नये, हेही आपणच शिकवलेत, आणि मला ते अधिक कठीण गेले. चॅनलवरून फिरणाऱ्या लूपनंतर 'रेट' हे फंक्शनचे उत्तर ठेवणारे व्हेरिएबल किंमत न देताच वापरले जाते, अशी एक तक्रार होती. मी घोषणेपाशी '= ०' लिहून मोकळी झाले होते. चॅनलची संख्या शून्य असेल तरच लूप चालणार नाही, आणि शून्य संख्या आधीच्या एका फंक्शनमध्ये नाकारली जाते, हे आपण मला शोधायला लावलेत. फंक्शनांपलीकडचे पाहण्यासाठी स्मॅचला लागणारा डेटाबेस आम्ही बांधला नव्हता, म्हणून त्याला ते दिसले नाही. वॉर्निंग खोटी होती, पण माझे शून्य निरुपद्रवी नव्हते. पुढे कोणी ती आधीची तपासणी काढली असती, तर एकही चॅनल नसताना ड्रायव्हरने सर्व ठीक असल्याचे सांगितले असते आणि सावध करणारी वॉर्निंगही उरली नसती. स्पार्स या दुसऱ्या तपासणी-साधनाच्या तक्रारींवर कास्ट (किमतीचा प्रकार बळेच बदलणारी खूण) लावून त्या गप्प करण्याची माझी सवयही आपण अशीच मोडलीत. त्यासाठी प्रत्येक कास्टमागचे कारण मला लेखी द्यावे लागे.

कमिट मेसेजबद्दलही, म्हणजे बदलासोबतच्या टिपणाबद्दलही, लिहायला हवे. 'स्मॅचची वॉर्निंग दुरुस्त केली' एवढेच लिहिलेला माझा मेसेज आपण चार वेळा बदलायला लावलात, आणि अखेरीस त्यात वीज आल्यावर काय बिघडते ते आले. 'फिक्सेस' ओळीत, चूक ज्यातून आली त्या जुन्या कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) हॅशची, म्हणजे ओळखखुणेची, १२ अक्षरे लिहिताना मी अडखळले, कारण ते कमिट आपल्याच एका सहकाऱ्याचे होते. आपण म्हणालात, "हा ठपका नाही, पत्ता आहे. जुनी कर्नल सांभाळणाऱ्यांना कळायला नको का, दुरुस्ती कुठवर मागे न्यायची ते?" त्या सहकाऱ्यांनीच पुढे त्या पॅचची बोर्डावर चाचणी घेतली.

आता एक विनंती. आपण नोकरी सोडलीत तेव्हा त्या यादीतील एकच वॉर्निंग शिल्लक होती: रीसेट करणाऱ्या फंक्शनमधून काही वाटांनी म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत येऊ देणारे कुलूप) सोडून, तर काही वाटांनी तो धरूनच बाहेर पडले जाते. आपण तिच्यासमोर लिहिले होते, "कळल्याशिवाय बदलू नये, इथे बघ." गेल्या महिन्यात मला ती कळली. चिपने वेळेत उत्तर दिले नाही की फंक्शन उणे ११० (वेळ संपल्याची खूण) घेऊन थेट परतते आणि म्युटेक्स तसाच राहतो. त्यानंतर तापमान वाचायला येणारी प्रत्येक प्रक्रिया तेथेच अडकून पडते. चिपची रीसेटची तार सोडवून मी हे बोर्डावर घडवून पाहिले. आमच्या बोर्डांसाठी दुरुस्ती झाली आहे आणि मूळ कर्नलकडे पाठवायचा पॅचही तयार आहे. त्यात 'सजेस्टेड-बाय' (कोणी सुचवले) या ओळीत आपले नाव घालावे अशी माझी इच्छा आहे, आणि ते आपल्या परवानगीवाचून घालता येत नाही. तेवढे कळवावे.

आपली कृतज्ञ,
पुण्याच्या कार्यालयातील आपली विद्यार्थिनी